मेन लाईनवरचं जुनं दुकान: पाडायचं, सुधारायचं की तसंच भाड्यानं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मेन लाईनवर, म्हणजे मुख्य बाजारओळीत, वडिलोपार्जित दुकान, तोंड १४ फूट, खोली ८० फूट, मागं गल्लीत दार. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, वर माडी, त्यावर इंग्रजी कवेलू. पुढच्या भागात जुना भांड्यांचा भाडेकरू, मागचं धान्याचं गोदाम कित्येक वर्षं रिकामं. गावाला बायपास झाला, शेजारची दुकानं काचेची शोरूम झाली, आणि एक ठेकेदार म्हणतो आहे, 'सगळं पाडा, तीन मजली कॉम्प्लेक्स काढू.' काय करावं?

भाऊ, माझं मत आधीच सांगतो. पुढचा साधारण ३० फुटांचा जुना भाग तपासणीत शाबूत निघाला तर ठेवा आणि दुरुस्त करा. मागचं गोदाम पाडून तिथं पक्कं बांधा. तीन मजली कॉम्प्लेक्स १४ फुटांच्या तोंडावर बसत नाही. का, ते पुढं आकड्यांनी दाखवतो. लाईनवरचा धंदा दहा-पंधरा वर्षांत बदलतो आणि इमारत साठ वर्षं उभी राहते, म्हणून आज ज्याला भाड्यानं द्यायचं त्याच्यापुरतं बांधू नका.

तुमचं दुकान अरुंद आणि लांब का आहे, हे समजलं की पुढचं सोपं जातं. वऱ्हाडातल्या बाजारओळी कापसानं आणि धान्यानं बसवल्या. कारंजा (लाड) इथं १८८६ मध्येच नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. अडत्याला पुढं गादीपुरती जागा लागायची, माल मागच्या गल्लीतून बंडीनं यायचा आणि गोदामात पडायचा. पुढं राज्याचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला आणि अडत हळूहळू गावाबाहेरच्या यार्डात गेली. १९७२ पासून एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा ही पद्धत, सुरू झाली, कापूसही लाईनवरून उठला. तुमचं मागचं गोदाम रिकामं पडलं त्याचं मूळ इथं आहे. पुढच्या गाद्यांवर मग कापड, भांडी, किराणा, सराफा आला. गिऱ्हाईक तेच होतं, यार्डात माल विकून हातात रोकड घेऊन एसटी स्टँडकडे निघालेला शेतकरी.

आता तो दुवाही तुटला आहे. कापूस थेट हायवेवरच्या जिनिंगला किंवा गावातच व्यापाऱ्याला जातो, पैसा बऱ्याचदा खात्यात जमा होतो, आणि माणूस एसटीऐवजी मोटारसायकलनं येतो. त्याला गाडी लावायला जागा हवी असते आणि मेन लाईनवर ती नसते. म्हणून हार्डवेअर, सिमेंट-लोहा, ठोक किराणा, ट्रॅक्टरचे सुटे भाग, मोठी कृषी केंद्रं बायपासकडे सरकली. ज्या मालाला दारात गाडी लागते तो धंदा बाहेर गेला. जो माल पिशवीत बसतो आणि हात लावून, पारखून घ्यावा लागतो तो राहिला: सराफा, लग्नाचा बस्ता, भांडी, औषधं, चष्मे. जुन्या धंद्यांच्या रिकाम्या गाळ्यांत मोबाइल, सोनेतारण, बचत गटांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या, पॅथॉलॉजी, ऑनलाइन सेवा केंद्र, रेडिमेड कपडे आले. यातले मोबाइलवाले साधारण दोन-तीन वर्षांत जागा बदलतात, फायनान्सवाले करार संपला की शाखा हलवतात. सराफ मात्र पिढीभर टिकतो.

बांधायच्या आधी स्वतः मोजा. एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस निवडा. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत तुमच्या दुकानासमोरून किती माणसं पायी जातात आणि त्यातल्या किती जणांच्या हातात खरेदीची पिशवी आहे, ते लिहा. पूर्ण लाईन चालून किती शटर बंद आहेत आणि वरच्या मजल्यावर किती 'भाड्याने देणे'चे बोर्ड आहेत, तेही लिहा. वरचे बोर्ड जास्त दिसले तर ठेकेदाराच्या प्रस्तावाला तिथंच उत्तर मिळालं. लाईनवर वरच्या मजल्याचं भाडं तळमजल्याच्या निम्म्याहून कमीच असतं, आणि एकदा रिकामं पडलं की लवकर उठत नाही.

आता कागद. विदर्भातल्या जुन्या बाजारओळींत बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेल्या जमिनीच्या, आहेत, आणि लोक वर्षानुवर्षं फक्त नगर परिषदेच्या करपावतीवर विसंबून राहतात. करपावती म्हणजे मालकी नव्हे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी उतारा, काढा. शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्कानं धरली आहे ते), पट्ट्याची मुदत आणि वापराची अट या सहा गोष्टी पाहा. नझूल पट्टे बहुधा ३० वर्षांचे असतात आणि पुष्कळांचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं. असा पट्टा संपलेला असेल तर नकाशा मंजुरीही अडते आणि बँकेचं कर्जही. पट्ट्याची जमीन भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घेण्यासाठी शासनाचे नियम आहेत. त्यासाठी भरायच्या अधिमूल्याचे दर शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून आजचा दर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेतूनच घ्या, शेजाऱ्यानं भरलेल्या रकमेवर जाऊ नका. पत्रिकेवर मयत आजोबांचं नाव असेल तर वारसांची नोंद आधी. बहिणींची नावं गाळून केलेला करार पुढं हमखास अडकतो.

दुसरा कागद विकास आराखड्याचा. नगर परिषदेतून भाग नकाशा आणि झोन दाखला लेखी मागा. रस्तारुंदीची रेषा तुमच्या पुढच्या पाच फुटांतून जात असेल तर समोरच्या भागावर केलेला खर्च वाया जाईल. तसं असेल तर पुढची दुरुस्ती कामचलाऊ ठेवा आणि नवीन बांधकाम रेषेच्या आतच घ्या. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत रस्त्यासाठी दिलेल्या जागेच्या बदल्यात चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) मागता येतं, पण १४ फुटी प्लॉटवर ते वापरायला जागाच उरत नाही, एवढं लक्षात ठेवा. सरकारी मोजणी करून हद्द कायम करून घ्या. जुने ओटे बहुतेक नालीवर आलेले असतात आणि ते तुमच्या क्षेत्रात धरता येत नाहीत.

भांड्यांच्या भाडेकरूबद्दल. २००० पूर्वी आपल्याकडे मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा आणि नोटिशीआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि आता दावा थेट दिवाणी न्यायालयात जातो. आपलं गाव त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे का ते वकिलाकडून तपासून घ्या. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि सगळं गणित बदलतं. कायदा लागू असेल आणि पाडकामासाठी जागा रिकामी मागायची असेल, तर मंजूर नकाशा आणि बांधायला पैसा तयार असल्याचं न्यायालयाला दाखवावं लागतं, आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क राहतो. 'पाडलं की भाडेकरू आपोआप गेला' हे ठेकेदाराचं म्हणणं चूक आहे. वीज-पाणी तोडून दबाव आणणं तर गुन्हा आहे, ते मनातही आणू नका. माझा सल्ला तडजोडीचा. मागचा नवीन भाग उभा झाला की काही महिने त्यांना तिथं बसवा, पुढचा भाग दुरुस्त करा, मग थोडी कमी पण चांगली जागा वाजवी भाड्यानं नोंदणीकृत करारावर द्या. चाळीस वर्षांचं भांड्यांचं दुकान लाईनवर गिऱ्हाईक खेचून आणतं, त्याची किंमत शेजारच्या गाळ्याच्या भाड्यात मिळते.

आता पुढच्या भागाची तपासणी, आणि ही घाईनं उरकू नका. सागाचा खांब मधे सहसा खराब होत नाही. खराब होतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथं ओल साचते आणि उधई चढते. भिंतीलगतचं प्लास्टर फोडून टोक उघडं करा, पेचकस दाबा. इंचभरापेक्षा जास्त आत गेला तर ते टोक गेलं समजा. पूर्ण तुळई बदलायची गरज नसते. खाली जॅकवर टेका द्यायचा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच उचलायचं, सडलेलं टोक कापायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून आरपार बोल्ट कसायचे आणि भिंतीत काँक्रीटची बैठक करून त्यावर टेकवायचं. चॅनेलचं माप आणि बोल्टांची संख्या तुळईच्या दोन टेकांमधलं अंतर आणि माडीवरचा भार पाहून इंजिनीअरनं काढायची, वेल्डरनं नाही. घाईनं एकदम उचललं की वरच्या कड्या सुटतात आणि कवेलू सरकतात.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर असेल तर खालचं तीन फूट काढूनच टाका. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आतच वर चढते आणि एक दिवस प्लास्टर मातीचा थर घेऊन पडतं. चुन्याचं प्लास्टर करा. चांगला गवंडी नाही मिळाला तर निदान एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग रेती. ओल येते कुठून, तेही पाहा. नगर परिषदेनं सिमेंट रस्ता केला की दरवेळी रस्ता काही इंच वर येतो आणि जुना ओटा खाली जातो. जोत्यापेक्षा रस्ता उंच झाला असेल तर कितीही प्लास्टर केलं तरी उपयोग नाही. आधी आतली फरशी उचलून मुरूम भरा, रस्त्याच्या मध्यापासून निदान दीड फूट वर या, आणि दारांची उंची तेवढी कमी होईल हे धरून चला.

भिंतीच्या तड्यांमध्ये फरक करा. मे महिन्यात उघडणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी उभी तडा काळ्या मातीची असते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी आणि वाढतच जाणारी तडा पाया खचल्याची. तड्यावर पीओपीनं काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. ती थांबेपर्यंत वर वजन वाढवायचं नाही, स्लॅब तर नाहीच.

मागच्या नवीन बांधकामात खरी परीक्षा पायाची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि साधारण साडेतीन मीटरपर्यंत तिची ही ये-जा चालते. पुढं एक आणि मागं एक असा चाचणी खड्डा घ्या आणि मुरूम कुठं लागतो ते पाहा. पाच-सहा फुटांवर मुरूम लागला तर फुटिंग (कॉलमखालचा पाया) मुरमात फूटभर आत घ्या. दहा फुटांखालीही काळीच असेल तर अंडर-रीम पाईल, म्हणजे खाली फुगा असलेले काँक्रीटचे खोल खांब, करा: ३०० मिमी दांडा, ७५० मिमी फुगा, किमान साडेतीन मीटर खोल. जोत्याच्या बीमखाली ७५-८० मिमी मोकळी फट ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीम वर ढकलते. भरावात खोदाईची काळी माती पुन्हा टाकू देऊ नका. मजूर सोयीसाठी तेच करतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फरशी उचकटते. मुरूम सहा-आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसून भरायचा.

दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या मातीच्या भिंती आहेत, हे विसरलं की अपघात होतो. ४० फुटांचा सलग चर त्यांच्या भिंतीलगत कधीच खोदू नका. चार-पाच फुटांचे तुकडे एक सोडून एक खोदायचे, भरून झाले की मधले घ्यायचे. कॉलमची फुटिंग हद्दीपासून आत ओढून स्ट्रॅप बीमनं (दोन फुटिंगना जोडणाऱ्या तुळईनं) जोडली तर शेजाऱ्याच्या पायाखालची माती हलत नाही. खोदाईआधी त्यांच्या भिंतींचे, आधीच्या तड्यांसकट, तारखेचे फोटो काढून दोघांच्या सह्या घ्या.

काँक्रीट किमान एम-२० या ताकदीच्या प्रतीचं. पाणी कुठलं वापरता ते सांगा आणि तपासून घ्या. तुमच्याकडे सहसा अडचण येत नाही, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूरकडे, बोअरच्या पाण्यानं केलेल्या स्लॅबचं लोखंड लवकर गंजून फुगतं. लोखंडी काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट ४०० पेक्षा जास्त नको. एप्रिल-मेमध्ये स्लॅब दुपारी टाकू नका. संध्याकाळी टाका, रेती-गिट्टी सावलीत ओली ठेवा, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस तरी, शक्य असेल तर चौदा दिवस पाणी तोडू नका.

आता कॉम्प्लेक्सचा हिशेब. व्यापारी इमारतीचा जिना दीड मीटर, म्हणजे पाच फूट रुंद हवा, पायरी ३०० मिमी आणि उठाव १५० मिमी. मजल्याची उंची १२ फूट धरली तर २४-२५ उठाव होतात. सरळ जिना मधल्या टप्प्यासकट २७-२८ फूट लांब जातो. तोंडाच्या १४ फुटांतून दोन्ही भिंती वजा केल्या की साडेबारा उरतात, त्यातून जिना आणि त्याची भिंत गेली की शटरला सात फूट. लाईनवर तुम्ही विकता ते तोंड, आणि तेच अर्धं जिन्याला जातं. जिना मागं टाकला तर वर कोणी चढत नाही. शिवाय पार्किंगचा प्रश्न नगर रचना विभाग विचारणारच. म्हणून पुढचा ३० फूट भाग, मधे १० फूट उघडा चौक उजेड-हवेसाठी, आणि मागं ४० फुटांचा एकमजली हॉल, छत १२ फुटांवर, कॉलम फक्त बाजूच्या भिंतींत, मधे एकही नाही. पुढं मजला चढवायचा झालाच तर जिना मागच्या गल्लीकडून घ्या आणि पाया आजच त्या हिशेबानं करा. चौक पत्र्यानं झाकायचा मोह होईल, तेवढा टाळा. तो झाकला की ८० फुटांचा बोगदा होतो आणि मेमध्ये आत बसवत नाही.

समोर काच आणि एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांचा) पडदा लावायचा हट्ट भाडेकरू करतील. तोंड पश्चिमेला असेल तर ४५ अंशांच्या उन्हात त्यामागं एसी थकतात. काच ओट्याच्या मागं, तीन फुटांच्या छज्ज्याच्या सावलीत ठेवा. पडद्यामागं माडीच्या खिडक्या बुजवू नका आणि वायरिंग पाहता येईल असं झाकण ठेवा. उधई आणि शॉर्टसर्किट दोन्ही त्याच आडोशात वाढतात.

भाडेकरूच्या गरजा आधी पाहा. मेडिकलला किरकोळ परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर लागतं, किरकोळ आणि ठोक दोन्ही असेल तर १५. कृषी केंद्राचा परवाना त्या जागेच्या नावानं निघतो, आणि कीटकनाशकं खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवता येत नाहीत. वासामुळं कापडवाला शेजारी टिकत नाही, म्हणून असा भाडेकरू मागच्या गल्लीकडेच बरा. बँक आणि सोनेतारणवाले काँक्रीटच्या भिंतींची तिजोरीखोली, दारात उतार आणि जनरेटरची जागा मागतात. मातीच्या भिंतींचा पुढचा भाग त्यांना चालत नाही, मागचा हॉल चालतो. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडे नियंत्रण कायद्याच्या बाहेर आहेत, त्यामुळं त्यांच्याकडून जागा परत मिळण्याचा प्रश्न कराराच्या अटींवर सुटतो. बाकी कोणालाही देताना ११ महिन्यांचा नोटरीचा कागद करू नका. करार नोंदवणं कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी ग्राह्य धरलं जातं. करारात दरवर्षीची वाढ, भिंत न पाडण्याची अट, बोर्डाचं माप आणि जाताना कुठलं फर्निचर ठेवायचं हे स्पष्ट लिहा.

कामाचा क्रम ऋतूवर आणि बाजारावर बसवा. मागचं गोदाम दिवाळीनंतर पाडा, तेव्हा पहिल्या वेचणीचा बाजार पुढं चालू असतो आणि मागं माती सुकत असते. खड्डे-पाया मार्चपर्यंत, स्लॅब एप्रिलच्या आत, आणि आतली कामं पावसाळ्यात. भांड्यांचं दुकान पुढच्या पौषात मागं हलवा. पौषात लग्नं नसतात, गिऱ्हाईक कमी असतं, त्याच महिन्यात तुळया आणि भिंती उरकून घ्या. कवेलू मात्र मेमध्ये, दहा-दहा फुटांच्या तुकड्यांत उतरवून बदला, म्हणजे अवकाळी आला तरी एका ताडपत्रीत भागतं. पुढच्या आणि मागच्या भागाला वेगवेगळी व्यापारी मीटरं पहिल्या दिवशीच घ्या, दोन्ही तुमच्या नावावर, आणि प्रत्येकाला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा. नंतर भाडेकरूच्या नावानं मीटर घेतलं तर त्याची थकबाकी तुमच्या जागेवर चढते आणि पुढच्या माणसाला वीज मिळत नाही.